खळीचं सूत

चैत्र सरत आला तसं कालव्याचं पाणी आठवड्याआड सुटू लागलं आणि हडपसरच्या मळ्यांतली मजुरी निम्म्यावर आली. मुक्ताबाई झुंजूमुंजू व्हायच्या आत मेथी उपटायला जायची आणि उन्हं चढायच्या आधी जुड्या बांधून माघारी यायची. त्या दिवशी ती परतली तेव्हा वसाहतीच्या कमानीबाहेर, कालव्याच्या भरावावर, शेजारच्या बिलकिसचा संसार पडलेला होता. उलटी खाट, पत्र्याची ट्रंक, पिठाचा डबा आणि डब्यावर बसलेला तिचा नवरा मन्सूर. मन्सूर फौजेत ड्रायव्हर होता. लढाईत त्याचा एक पाय गुडघ्यापासून गेला होता. कुबडी मांडीवर आडवी घेऊन तो कालव्याच्या कोरड्या पात्राकडे बघत होता.

“काय झालं गं?” मुक्ताबाईने विचारलं.

“काय व्हायचंय! परवा पाहुणे आले होते ना, त्यातल्या एकाने यांना विचारलं, दवाखाना कसा चाललाय. हे म्हणाले, कपाट आहे, बाटल्या रिकाम्या आहेत. खरं बोलायची हौस फार.” बिलकिसने पाटा-वरवंटा पायाशी ओढून घेतला. मग कमानीकडे बघून तिने आवाज उतरवला. “तू इथं उभी नको राहूस. माझ्याशी बोलताना दिसलीस तर तुझी पण खाट इथंच येईल.”

पाणी आणून देऊ का, असं मुक्ताबाईच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि ती कमानीखालून आत गेली. मागे वळून बघायचा तिला धीर झाला नाही.

कमान गेल्या वर्षी झाली होती. दोन्ही खांबांवर बंदूकधारी जवान रंगवलेले, वर मोठ्या अक्षरांत ‘जवान आधार मंडळ’. आत ओळीने खोल्या, औषधांच्या कपाटाची एक खोली आणि टोकाला पत्र्याची शेड. शेडमध्ये हातमाग चार होते, पण सूत एकाच मागापुरतं. तो माग हिंदुरावाचा, म्हणजे मुक्ताबाईच्या नवऱ्याचा.

बांगलादेशच्या लढाईत सुरुंग फुटून हिंदुरावाचे दोन्ही डोळे गेले. इस्पितळात त्याला दऱ्या विणायला शिकवलं होतं, पण घरी आल्यावर वर्षभर तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. एकदा कोणी नसताना चाचपडत चाचपडत विहिरीच्या काठापर्यंत गेला होता. मुक्ताबाईने मागून त्याचा सदरा धरला तेव्हा तो नुसता म्हणाला, “पाणी किती हाय बघत हुतो.” विहिरीत त्या सालात पाणीच नव्हतं. पुढे दिराने घर आणि रान परस्पर विकलं आणि मंडळाने ही खोली दिली. इथे माग मिळाला आणि हिंदुराव माणसांत आला. पाटावर बसून, आडवा धागा हाताने ओवून, लोखंडी पंजाने तो ठोकत बसला की वेळेचं त्याला भान राहत नसे. दरी पुरी झाली की मंडळाचे चिटणीस सबनीस त्याच्या हातावर थोड्या नोटा ठेवत आणि तो त्या आईच्या उशाशी नेऊन ठेवी.

दरी मात्र कुठे जात नव्हती. वर्षभर मंडळाने सुताची एक लडी आणली नव्हती. दरी पुरी झाली की कुठल्या ना कुठल्या समारंभासाठी मंडळाची जीप हिंदुरावाला घेऊन जाई आणि तेवढ्या वेळात मुक्ताबाई ती उसवी. आडवा धागा ओढून काढायचा, सुताचे गोल गुंडे गुंडाळायचे, तुटलेलं सांधायचं. वारंवार उसवून सुताला लव सुटली होती, ते मेंढीच्या लोकरीसारखं मऊ पडलं होतं. हिंदुरावाच्या बोटांना ते लगेच कळलं असतं. म्हणून ती मैद्याची पातळ खळ शिजवून सुताला लावी आणि उन्हात ताणून वाळवी. मग ते नव्यासारखं कडक लागे. नवरा आला की ती सांगे, “नेली दरी. नवीन सूत आलंय.”

पहिल्यांदा सबनीसांनी हे काम सांगितलं तेव्हा तिला कळलंच नव्हतं. यज्ञेश्वर सबनीस शनिवार पेठेतले, इस्त्रीच्या कपड्यातले. ते चिडले नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं होतं.

“मुक्ताबाई, दाते सूत बघायला येत नाहीत, विणणारा बघायला येतात. मांडव, हारतुरे, जेवणं, फोटो, छापील अहवाल, जीपचं पेट्रोल. हे सगळं केलं नाही तर दाते येत नाहीत. दाते आले नाहीत तर तुमची खोलीही नाही. आता सुतात पैसे घालून मी मंडळ बुडवू का, तुम्हीच सांगा.”

तिने दरीची कड हातात घेतली होती.

“तुमच्या यजमानांच्या कानावर घालायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा,” असं म्हणून ते जीपमध्ये बसले होते.

तेव्हापासून जीपचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून दाराशी येई.

*

मन्सूरचा संसार बाहेर पडला त्या संध्याकाळी हिंदुरावाची दरी पुरी झाली. मागापुढे गुडघ्यांवर बसून तो एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बोटं फिरवत होता. शेडला लागूनच असलेल्या त्यांच्या खोलीच्या दारात खाटेवर त्याची आई, बायडाबाई, पाय चोळत बसली होती. तिच्या कंबरेचं हाड मोडल्यापासून तिला उचलून न्यावं लागे. कालव्याच्या भरावावर हिला कशी न्यायची, हा विचार सकाळपासून मुक्ताबाईच्या डोक्यातून जात नव्हता.

“बेस झाली ही दरी,” हिंदुराव म्हणाला. “बोट बोट तपासली. विणीचं एक घर सुटल्यालं न्हाई. पर मुक्ते, हे सूत कुठल्या गिरणीचं गं?”

“का वो?”

“वरनं कडक लागतंय, आतनं मऊ. आजाऱ्याला इस्त्रीची कापडं घातल्यावानी.”

पीठ मळताना मुक्ताबाईचे हात परातीत थांबले. “आजकाल तसंच येतं म्हणं.”

“गिरणीवाली बाई गरीब आसंल,” बायडाबाई खाटेवरून म्हणाली. “पोटाचा मैदा सुताला खाऊ घालती.”

मुक्ताबाईने सासूकडे पाहिलं. म्हातारीचे डोळे अजून घारीसारखे होते. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती कधी काय बोलून जाईल याचा नेम नव्हता.

“आई, तुला काय कळतंय सुतातलं?” हिंदुराव हसला.

“न्हाईच कळत. म्हणूनशान तर जिती हाय.”

*

सकाळी जीप आली. वारज्याच्या एका शाळेत निधी गोळा करायचा समारंभ होता. मुक्ताबाईने हिंदुरावाला लष्करी कोट चढवला, पदकं लावली, काळा चष्मा पुसून दिला. सबनीस जीपमधून उतरले आणि त्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं.

“चष्मा राहू द्या घरी.”

“ऊन लागतंय साहेब. पाणी गळतंय.”

“गळू द्या की. गेल्या वेळी मागच्या रांगेतल्यांना वाटलं, सिनेमातला नट आणलाय.”

ड्रायव्हर फिदीफिदी हसला. हिंदुरावाने चष्मा काढला, घडी घालून मुक्ताबाईपुढे धरला. त्याच्या पापण्यांची शिवलेली, सुरकुतलेली जागा उन्हात उघडी पडली. तिने चष्मा घेतला आणि जमिनीकडे बघितलं. निघता निघता सबनीस तिला हळूच म्हणाले, “रविवारी मुंबईचे शेठजी येताहेत. तोवर हातभर तरी विणलेलं दिसायला हवं. लागा कामाला.”

जीप गेली. ती शेडमध्ये गेली आणि तिने दरीच्या काठाची गाठ सोडली.

तांबड्या पट्टीपाशी ती आली तेव्हा राखणदार दादामियाँ हातोडी घेऊन आला. मागाच्या वर भिंतीला एक पाटी होती: ‘कै. लेफ्टनंट यशोधन दामले यांच्या स्मरणार्थ, मातोश्री वासंतीबाईंकडून.’ ती त्याने उतरवली आणि मुंबईच्या शेठजींच्या नावाची ठोकली. उतरवलेली पाटी त्याने दाराजवळच्या कोपऱ्यातल्या पोत्यांमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

“ही तिसरी पाटी. एका मागाला तीन मालक,” तो खिळे तोंडातून काढत म्हणाला. “माझं तर एका मालकात भागत नाही.”

“दादा, पाटी नीट झाका वो. कड दिसतीया.”

“कोण येतंय बघायला, बाई? सगळे वारज्याला,” असं म्हणून तो भाकरी खायला गेला.

पत्रा तापला होता. मुक्ताबाईच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता. धागा ओढताना सुताची लव उडून तोंडात, डोळ्यांत जात होती. दरी निम्मीअधिक उसवून झाली होती, पायाशी गुंड्यांचा ढीग साठला होता. तेवढ्यात कमानीपाशी मोटार थांबली. जीपचा आवाज नव्हता. इंजिन बंद झाल्यावर तिला नवऱ्याचं हसणं ऐकू आलं.

किती दिवसांत तो असा हसला नव्हता.

“सरळ या बाई, सरळ. ही शेड. मला वाट दाखवायची गरज न्हाई, मीच तुमाला दाखवतो.”

“अहो, जपून. उंबरा आहे,” एका बाईचा आवाज आला, कोरडा, पण वाईट नाही. “मी पडले तर चालेल, तुम्हाला मंडळाच्या पुढच्या समारंभाला जायचंय.”

गुंडे लपवावेत म्हणून मुक्ताबाईने पदर पसरला. पदर पुरला नाही. दारात हिंदुराव उभा राहिला. त्याच्या मागे पांढऱ्या सुती साडीतली, सडपातळ, म्हातारी होत चाललेली बाई. समारंभ लवकर आटोपला होता आणि सबनीस निधीच्या पेट्या मोजत मागे राहिले होते. यशोधन दामल्यांच्या आईने, वासंतीबाईंनी, आपणहून हिंदुरावाला मोटारीत घेतलं होतं. मुलाच्या नावाचा माग बघायचा होता आणि वाटेत त्याने केलेलं दरीचं वर्णन ऐकून ती विकत घ्यायची होती.

“मुक्ते, हायस का? दामलेबाई आल्यात. दरी घ्यायला आल्यात!” तो पुढे सरकला, नेहमीच्या पावलांनी, अचूक मागापाशी. “हात लावून बघा बाई. ही कड, ही तांबडी पट्टी, आन्—”

त्याचा हात उघड्या उभ्या धाग्यांवर पडला. धागे थरथरले.

वासंतीबाई दाराशीच थबकल्या. त्यांना सगळं दिसत होतं: अर्धवट उसवलेली दरी, गुंडे, घामाने भिजलेली बाई. हिंदुरावाचा हात डावीकडे गेला, उजवीकडे गेला, खाली आला आणि उरलेल्या दरीच्या काठावर अडकला.

“मुक्ते.”

“जी.”

“दरी कुठाय?”

मुक्ताबाईला कमान दिसली, भराव दिसला, त्यावरची उलटी खाट दिसली. त्या खाटेवर तिला बायडाबाई दिसली. मग विहिरीचा काठ दिसला. शब्द कुठून आले ते तिचं तिलाच कळलं नाही.

“म्या उसवली. वीण चुकली हुती. मधीच घर सुटलं हुतं.”

“माझं?”

“व्हय. तशीच बाजारात गेली आसती तर नाव खराब झालं आसतं तुमचं.”

तो हळूच खाली बसला. हाताला एक गुंडा लागला, तो त्याने उचलला. अंगठ्याने धागा चोळला. खळ सुटून बोटांना पिठी लागली, आतली मऊ लव वर आली. त्याने धागा ओढत नेला. एक गाठ लागली. पुढे आणखी एक. मग आणखी. त्याने अंगठा जिभेला लावला.

मुक्ताबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. डोळे नसलेल्या माणसाच्या तोंडावर काही उमटतं का, हे तिला इतक्या दिवसांत नीट कळलं नव्हतं. आज कळलं.

“हिंदुराव,” वासंतीबाई म्हणाल्या, “तुम्ही तर गाडीत म्हणालात, बोट बोट तपासली. आणि इथे माझ्या मुलाच्या नावाची पाटी होती. ही कुणाची?”

“ती रंगवायला दिलीया,” मुक्ताबाई घाईने बोलली. पाटीची कड पोत्याच्या बाहेर आली होती, वासंतीबाईंच्या टाचेपासून हातभर. त्या एक पाऊल मागे सरकल्या असत्या तर पायच लागला असता.

“रंगवायला. बरं.” त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “हे बघा, मी कुणाला घाबरवायला आलेले नाही. यशोधनच्या नावाने दिलेल्या पैशाचं इथे काय होतं, एवढंच मला समजायला हवं. तुम्हाला काही त्रास असेल तर स्पष्ट सांगा. मी ऐकून घेईन.”

शेडमध्ये पत्रा कडकड वाजत होता. मन्सूरलाही असंच कोणीतरी विचारलं असेल, मुक्ताबाईच्या मनात आलं. त्या पाहुण्यानेही ऐकूनच घेतलं असेल. तिने नवऱ्याच्या दंडाला हात लावला.

“चुकली आसंल बाई,” हिंदुराव म्हणाला. गुंडा त्याने मुठीत आवळला होता. “आंधळ्याचं काम हाय.”

हा शब्द त्याने स्वतःसाठी आजवर वापरला नव्हता.

वासंतीबाईंच्या तोंडावरचा ताण गेला. त्यांना हायसं वाटलं होतं. ते बघणं मुक्ताबाईला मन्सूरचा संसार बाहेर बघण्याहून अवघड गेलं.

“एवढंच ना? मग त्यात लाजायचं काय. शिकवायला एखादा कारागीर नेमू. मी सबनीसांना वेगळे पैसे देते.” त्यांनी हिंदुरावाच्या खांद्यावर हात ठेवला. “पुढच्या खेपेला मात्र दरी मीच नेणार.”

मोटार गेली तरी तो तिथेच बसून होता. मुक्ताबाईने त्याला चष्मा आणून दिला. त्याने तो घातला नाही.

“अवो,” ती म्हणाली.

“पाणी दे.”

ती तांब्या आणायला धावली आणि परत धावतच आली, त्याला एकटा सोडायचं नव्हतं म्हणून. तो बसल्या जागी होता.

*

उन्हं कलली तेव्हा सबनीस आले. जीपचा आवाज ऐकून मुक्ताबाईने आधी खोलीतल्या सामानाकडे पाहिलं. किती आहे, कशात बांधायचं. पण सबनीस हसत होते.

“शाबास, मुक्ताबाई. बाईंनी मला रस्त्यात गाठलं. वीण चुकली म्हणे! बरं सुचलं हो तुम्हाला. कारागिरासाठी पैसे देताहेत.” दारात हिंदुराव बसला होता. त्याच्यासमोरच ते बोलत होते, खांबासमोर बोलावं तसे. “आणि हिंदुराव, तुम्हीही वेळ सांभाळलीत. त्या मन्सूरला एवढं जमलं असतं तर आज छपराखाली असता. त्याची खोली आता पाहुण्यांसाठी करतोय. पंखा बसवू म्हणतो.”

“कारागीर कधी येणार, साहेब?” हिंदुरावाने विचारलं.

सबनीस जीपकडे वळले. मग म्हणाले, “येईल. अहवालात तर आलाच. रविवारचं तेवढं बघा. हातभर.”

जीप निघून गेली. बायडाबाईने खाटेवरून थुंकी टाकली.

हिंदुराव उठला. भिंत धरून शेडमध्ये गेला. मुक्ताबाई मागोमाग गेली. तो कुठे हात घालतो, काय करतो, पंजा कुठे ठेवलाय, सगळं ती धास्तीने बघत होती. तो उरलेल्या दरीपाशी बसला. बोटांनी काठ शोधला आणि धाग्याचं टोक सोडून तिच्याकडे धरलं.

“वढ.”

“ऱ्हाऊ द्या. उद्या बघू.”

“रविवार हाय. खळ लावून वाळाया येक दीस जातोच की न्हाई?”

त्याने दोन्ही हात पुढे केले, तळवे समोरासमोर, लडी धरायला धरतात तसे. तिने धागा ओढला आणि त्याच्या मनगटांभोवती घ्यायला लागली. एक फेर, दुसरा फेर. उसवलेल्या धाग्याच्या वळ्या सरळ होत नव्हत्या.

“सैल सोड,” तो म्हणाला. “तुटंल. म्हातारं झालंय सूत.”

बाहेर कालव्याच्या बाजूने बिलकिस कोंबडीला हाकत होती.

“मुक्ते, पयली तरी गेली हुती का बाजारात?”

पहिली दरी, निळ्या काठाची, नव्या सुताची. ती नुकतीच सबनीसांच्या जीपच्या मागच्या सीटवर अंथरली होती. आज सकाळी तो तिच्यावरच बसून वारज्याला गेला होता.

“गेली हुती,” ती म्हणाली.

“कुणाच्या घरी गेली आसंल?”

“चांगल्या घरी गेली.”

त्याने मान हलवली. तळवे थोडे आणखी उंच धरले. मुक्ताबाई धागा घेऊ लागली आणि रविवारनंतरचा समारंभ तिच्या डोळ्यांपुढे आला. जीपमध्ये कोट सावरत हा बसेल. वळणावर झोक जाईल. आधाराला म्हणून हात सीटवर टेकेल आणि ती बोटं त्या निळ्या काठावरून फिरायला लागतील. तिचा हात मध्येच थांबला.

“काय झालं?” हिंदुरावाने विचारलं.

“काय न्हाई,” ती म्हणाली. “गाठ आलीया.”